मेटफॉर्मिनने आयुष्य वाढतं का? एका दाव्याची उलटतपासणी

"मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्या माणसांपेक्षाही जास्त जगतात."

हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे नक्की ऐकलं असेल. दीर्घायुष्यावरच्या पॉडकास्टमध्ये ते हमखास येतं, आणि त्याच्या मागोमाग पुढचा प्रश्नही येतो: मग निरोगी माणसाने ही गोळी का घेऊ नये? गोळी स्वस्त आहे, साठ वर्षांहून जास्त काळ वापरात आहे, आणि आपल्याकडे तर घरातल्या कुणा ना कुणाच्या औषधांच्या डब्यात ती असतेच.

पेट, नेट किंवा एखाद्या प्रपोजलची तयारी करणाऱ्यांसाठी मी आज मुद्दाम हाच दावा निवडला आहे. भोंदूगिरी ओळखणं तसं सोपं असतं. 'हिमालयातल्या जडीबुटीने शंभरी गाठा' असं कुणी म्हटलं की आपण हसून पुढे जातो. इथे मात्र औषध खरं आहे, चांगलं आहे, आणि दावा एका प्रकाशित, पीअर-रिव्ह्यू झालेल्या पेपरमधून आलेला आहे. त्यात माणसांची संख्याही प्रचंड आहे. अशा दाव्यात पुरावा कुठे संपतो आणि गाजावाजा कुठे सुरू होतो हे शोधणं म्हणजेच लिटरेचर रिव्ह्यू. तेव्हा पायरी पायरीने बघूया.

दावा आला कुठून?

मेटफॉर्मिन हे औषध १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहासाठी पुढे आणलं. टाइप-२ मधुमेहात आजही ते सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक आहे. 'निरोगी माणसांपेक्षा जास्त आयुष्य' ही गोष्ट मात्र बरीच अलीकडची. ती २०१४ मध्ये ब्रिटनमधून आली.

बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी वापरल्या. त्यांनी तीन प्रकारची माणसं घेतली. पहिली, फक्त मेटफॉर्मिनवर उपचार सुरू झालेले ७८,२४१ मधुमेही. दुसरी, फक्त सल्फोनिलयुरिया या जुन्या गटातल्या औषधावर सुरू झालेले १२,२२२ मधुमेही. आणि तिसरी, या सगळ्यांना वय, लिंग वगैरे बाबतीत जुळणारी, मधुमेह नसलेली ९०,४६३ माणसं.

मेटफॉर्मिन गटात मृत्यूचं प्रमाण निघालं दर १,००० व्यक्ती-वर्षांमागे १४.४. (हजार माणसं एक वर्ष पाहिली तर १,००० व्यक्ती-वर्षं होतात.) त्यांच्या जोडीच्या निरोगी गटात ते होतं १५.२. मग सांख्यिकी जुळवाजुळव केल्यावर निरोगी गटाचा जगण्याचा कालावधी १५ टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. बातम्यांमध्ये गेला तो हा १५ टक्क्यांचा आकडा. १४.४ आणि १५.२ हे मूळ आकडे फारसे कुठे दिसले नाहीत.

आणखी एक गंमत बघा. पेपरचं शीर्षक प्रश्नार्थक होतं: टाइप-२ मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षा जास्त जगू शकतात का? बातम्यांपर्यंत येता येता प्रश्नचिन्ह गळून गेलं. म्हणून मूळ पेपर उघडल्यावर निष्कर्षाआधी शीर्षकातलं विरामचिन्ह पाहायची सवय लावून घ्या. लेखक स्वतः किती ठाम आहेत ते तिथेच कळतं.

पहिला प्रश्न: तुलना कुणाशी?

आता आकडे जरा नीट वाचू. सल्फोनिलयुरिया गटात मृत्यूचं प्रमाण होतं ५०.९. पहिली प्रतिक्रिया काय होते? 'बाप रे, हे औषध किती वाईट!' पण थांबा. त्या गटाला जुळणाऱ्या, मधुमेह नसलेल्या माणसांत प्रमाण किती होतं? २८.७. आणि मेटफॉर्मिन गटाला जुळणाऱ्या निरोगी माणसांत? १५.२.

दोन्हीकडची ही माणसं मधुमेह नसलेली, मधुमेहाची कुठलीच गोळी न घेणारी. तरी एका बाजूला मृत्यू जवळजवळ दुप्पट. याचा अर्थ सरळ आहे. सल्फोनिलयुरिया ज्यांना दिलं गेलं ती माणसं मुळातच वेगळी होती, आणि म्हणून त्यांना जुळणारी माणसंही वेगळी निघाली. वय हे त्यातलं सगळ्यात उघड कारण.

डॉक्टर औषध चिठ्ठ्या टाकून देत नाहीत, माणूस बघून देतात. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलं असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत. म्हणजे 'मेटफॉर्मिन घेणारे' या शब्दातच एक चाळणी लपलेली आहे: ज्यांची तब्येत हे औषध घेण्याइतकी बरी आहे, असे. शिवाय मधुमेह नुकताच कळलेला, सौम्य, एका गोळीवर भागतंय, असेच रुग्ण पहिल्यांदा या गटात येतात. संशोधनाच्या भाषेत याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, औषधाचा गुण आणि औषध मिळालेल्या माणसाचा गुण यांची गल्लत.

दुसरा प्रश्न: मोजणीतून कोण बाहेर गेलं?

महाराष्ट्रात दहावी केलेल्यांना हे लगेच समजेल. एखादी शाळा सांगते, 'आमचा निकाल १०० टक्के.' नंतर कळतं की नववीतच कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावलं होतं. निकाल खोटा नाही. जी मुलं शेवटपर्यंत पटावर राहिली ती सगळी खरोखर पास झाली. फक्त पटावर कोण राहिलं हे शाळेने ठरवलं होतं.

बॅनिस्टर यांच्या अभ्यासात रुग्णाचं औषध बदललं की त्याचा पाठपुरावा तिथेच थांबत होता. सांख्यिकीत याला सेन्सॉरिंग म्हणतात आणि ते अनेक ठिकाणी योग्यच असतं. पण इथे औषध बदलतं कधी? शुगर आटोक्यात येत नाही, आजार वाढतो, तेव्हा. म्हणजे ज्यांची तब्येत बिघडत चालली तेच रुग्ण मोजणीतून निघून गेले आणि त्यांचे पुढचे मृत्यू मेटफॉर्मिनच्या खात्यावर आलेच नाहीत. मधुमेह नसलेल्या माणसाच्या बाबतीत 'आजार वाढला म्हणून गोळी बदलली' असा प्रकारच नसतो. हाच आपला १७ नंबरचा फॉर्म.

हा नुसता तर्क नाही, तो तपासला गेला आहे. २०२२ मध्ये कीज आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर हाच प्रश्न पुन्हा घेतला. त्यांनी औषध बदलल्यावर मोजणी थांबवून पाहिलं, आणि न थांबवताही पाहिलं. भर म्हणून जुळ्या भावंडांमध्येही तुलना केली, म्हणजे एकाला मधुमेह आणि मेटफॉर्मिन, दुसऱ्याला मधुमेह नाही. निष्कर्ष असा की मेटफॉर्मिनवरच्या मधुमेहींमध्ये मृत्यूचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांपेक्षा जास्तच होतं. २०१४ चा फायदा दिसला नाही.

याचा अर्थ मेटफॉर्मिनने नुकसान होतं असा अजिबात नाही. मधुमेह असताना मृत्यूचा धोका जास्त असतो, आणि गोळीने तो निरोगी माणसाच्याही खाली जात नाही, एवढाच अर्थ आहे. तुमच्या घरी कुणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी घेत असेल, तर हा लेख वाचून ती बंद करायचं काहीच कारण नाही. आपण तपासतोय तो दावा निरोगी माणसांबद्दलचा आहे.

तिसरा प्रश्न: घड्याळ कधी सुरू केलं?

समजा, कुणी तुम्हाला सांगितलं: २५ वाऱ्या पूर्ण केलेले वारकरी इतरांपेक्षा जास्त जगतात, म्हणजे वारीने आयुष्य वाढतं. चालण्याचा फायदा होत असेलही, पण हा पुरावा कच्चा आहे. २५ वाऱ्या पूर्ण करायला आधी २५ वर्षं जिवंत राहावं लागतं! जो दहाव्या वारीनंतर गेला तो या गटात येऊच शकत नाही. ती २५ वर्षं त्या गटासाठी जणू 'अमर' असतात. म्हणूनच या दोषाचं नाव इमॉर्टल टाइम बायस असं आहे.

औषधांच्या अभ्यासात हाच दोष असा शिरतो. एखाद्याला २००५ मध्ये मधुमेह कळला आणि मेटफॉर्मिन सुरू झालं २००८ मध्ये. संशोधकाने त्याला 'मेटफॉर्मिन घेणारा' म्हणून २००५ पासून मोजलं, तर मधली तीन वर्षं फुकटात औषधाच्या खात्यावर जमा होतात. त्या काळात तो वारला असता तर त्याची नोंद 'न घेणारा' अशीच झाली असती.

२०१२ मध्ये कॅनडातले सामी सुइसा आणि लॉराँ अझुले यांनी मेटफॉर्मिन आणि कर्करोग यांवरच्या निरीक्षणात्मक अभ्यासांतले असे काळाशी संबंधित दोष दाखवून दिले. त्याआधीच्या अनेक पेपरांत मेटफॉर्मिनमुळे कर्करोगाचा धोका थक्क व्हावं इतका कमी झालेला दिसत होता. पुढे प्रत्यक्ष चाचणी झाली. एमए-३२ या चाचणीत मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या ३,६४९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, मेटफॉर्मिन किंवा प्लसीबो दिलं गेलं. २०२२ मध्ये निकाल आला: मुख्य विश्लेषणात रोग परतण्यावाचून जगण्याच्या काळात मेटफॉर्मिनने सुधारणा दिसली नाही.

एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. परिणाम खूपच मोठा दिसला की आनंद होण्याआधी घड्याळ तपासायचं.

प्राण्यांमध्ये तर सिद्ध झालंय ना?

हा पुढचा युक्तिवाद. उत्तर आहे, कुठल्या प्राण्यात आणि कुणाच्या प्रयोगशाळेत त्यावर अवलंबून.

सी. एलेगन्स हा एक मिलिमीटरचा कृमी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे जगतो. मेटफॉर्मिनने त्याचं आयुष्य वाढतं हे खरं. पण २०१३ मध्ये काब्रेरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कृमी जे जिवाणू खातो त्या जिवाणूंच्या फोलेट आणि मिथिओनिन चयापचयात औषध बदल घडवतं, आणि फायदा त्यातून येतो. जिवाणू नसले की तो फायदा दिसत नाही. म्हणजे 'औषधाने कृमीचं म्हातारपण रोखलं' या वाक्यात कर्त्याचीच गडबड आहे.

उंदरांबाबतही तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात अन्नात ०.१ टक्का मेटफॉर्मिन दिल्यावर नर उंदरांचं आयुष्य साधारण ५ टक्क्यांनी वाढलं. त्याच पेपरमध्ये १ टक्का दिल्यावर ते घटलं. अमेरिकेत इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम नावाचा उपक्रम आहे. त्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी, एकाच पद्धतीने, आणि जनुकीयदृष्ट्या मिश्र उंदरांवर औषधं तपासतात. एका प्रयोगशाळेचं नशीब किंवा एका वंशाच्या उंदराची खोड यांमुळे फसगत होऊ नये, हा त्यामागचा हेतू. तिथे एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्यात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय वाढ झाली नाही. रेस्व्हेराट्रॉल, ज्याचा एकेकाळी केवढा गाजावाजा झाला, तेही तिथे नापास झालं. रॅपामायसिन मात्र पास झालं: २००९ मध्ये, ६०० दिवसांच्या म्हणजे चांगल्याच वयस्कर उंदरांना सुरू करूनसुद्धा. अर्थात तेही उंदरांमध्येच.

२०२४ मध्ये माकडांवरचा अभ्यास गाजला. नर माकडांना ४० महिने मेटफॉर्मिन दिलं आणि मेंदूचं 'जैविक वय' सुमारे सहा वर्षांनी कमी झाल्याचं सांगितलं गेलं. काम महत्त्वाचं आहे. पण मोजलं काय? वयाचे निर्देशक. माकडं किती जगली हे नव्हे. थर्मामीटरवरचा आकडा उतरणं आणि रुग्ण बरा होणं यांत जसा फरक असतो, तसाच इथेही आहे. दोन्ही एकत्र होऊ शकतं, पण एकावरून दुसरं गृहीत धरता येत नाही.

मग माणसांवरच्या यादृच्छिक चाचण्या काय सांगतात?

इथे मेटफॉर्मिनच्या बाजूने बोलणारा खरा पुरावा आहे, तो सांगितलाच पाहिजे. १९९८ चा ब्रिटनमधला यूकेपीडीएस हा अभ्यास. नुकताच मधुमेह कळलेल्या, वजन जास्त असलेल्या ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिलं आणि आहारावर भर देणाऱ्या नेहमीच्या उपचारातल्या ४११ जणांशी तुलना केली. सुमारे दहा वर्षांनंतर एकूण मृत्यूंचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होता. मात्र कॉन्फिडन्स इंटरव्हल ९ ते ५५ टक्के, म्हणजे दिशा चांगली पण अंदाज बराच ढिला. शिवाय त्याच पेपरमध्ये, आधीच सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांना मेटफॉर्मिनची जोड दिली तेव्हा मृत्यू वाढलेले दिसले. लहान गटांचे आकडे असे दोन्हीकडे झुलतात. उद्धृत करणारे बहुतेक जण पहिला निकाल सांगतात आणि दुसरा गाळतात. तुम्ही दोन्ही लिहा.

आणि ही सगळी माणसं मधुमेही होती. मधुमेह नसलेल्यांच्या सगळ्यात जवळ जाणारी चाचणी म्हणजे अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांना मेटफॉर्मिन, प्लसीबो किंवा जीवनशैलीतला काटेकोर बदल (वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम) यांपैकी एक मिळालं. २००२ चा निकाल प्रसिद्ध आहे: मधुमेह होण्याचं प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी आणि जीवनशैलीने ५८ टक्क्यांनी घटलं.

आयुष्याचं काय? साधारण २१ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये मृत्यूंचा हिशोब मांडला गेला. एकूण मृत्यू ४५३. प्लसीबोच्या तुलनेत मेटफॉर्मिनचं हॅझर्ड रेशो ०.९९, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७९ ते १.२५. म्हणजे फरक दिसला नाही.

इथे घाईने 'मेटफॉर्मिन फुसकं निघालं' असं लिहू नका. हे आकडे २१ टक्के फायद्याशीही जुळतात आणि २५ टक्के तोट्याशीही. शिवाय इतक्या वर्षांत प्लसीबो गटातल्या अनेकांना मधुमेह झाला आणि त्यांनाही मेटफॉर्मिन सुरू झालं. त्यामुळे दोन गटांमधला फरक पुसट होत गेला. 'परिणामाचा पुरावा नाही' आणि 'परिणाम नाही याचा पुरावा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायव्हात यावर हमखास अडवतात.

आणि बरं का, याच हिशोबात जीवनशैलीच्या गटाचं हॅझर्ड रेशो होतं १.०२. म्हणजे तिथेही मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. ज्यांना गोळीवर टीका करायची असते ते हा आकडा सोयीस्करपणे वगळतात. जो निकष नावडत्या गोष्टीला लावला तोच आवडत्या गोष्टीलाही लावायचा. मला तरी संशोधनातला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो.

'घेतली तर बिघडतं काय?'

स्वस्त गोळी आहे, तोटा काय, असं विचारणारे भेटतात. तोटे आहेत. पोटाच्या तक्रारी नेहमीच्याच. दीर्घकाळ वापराने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते आधीच कमी असण्याची शक्यता जास्त. तिसरा तोटा जास्त विचार करायला लावणारा आहे. २०१९ मध्ये वयस्कर व्यक्तींवरच्या दोन यादृच्छिक चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत १२ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाचा काही फायदा मेटफॉर्मिनमुळे कमी झाला. दुसरीत १४ आठवडे वजनं उचलूनही मेटफॉर्मिन गटाचे स्नायू प्लसीबो गटाइतके वाढले नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीने म्हातारपणी हातपाय धड राहतात, तिच्याच आड ही गोळी येण्याची शक्यता आहे.

प्रश्नाचा निकाल लावू शकेल अशी चाचणी आखलेली आहे. टेम नावाची. ६५ ते ७९ वयाचे, मधुमेह नसलेले ३,००० जण, १४ केंद्रं, सहा वर्षं, आणि वयाबरोबर येणारे अनेक आजार एकत्र मोजायचे. तिच्यामागे नीर बार्झिलाय यांच्यासारखे संशोधक अनेक वर्षं आहेत. अडलं आहे ते पैशांपाशी. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर एवढा खर्च करून कुठल्याही कंपनीला काय मिळणार? गाजावाजा फुकट होतो, पुराव्याला मात्र निधी लागतो.

तुमच्या प्रपोजलसाठी

आजच्या घडीला मेटफॉर्मिनबद्दल मी लिहीन ते एवढंच: मधुमेहात उपयुक्त, मधुमेह लांबवण्यात उपयुक्त, निरोगी माणसाचं आयुष्य वाढवतं का हे सिद्ध झालेलं नाही. वाक्य रटाळ आहे, मान्य. पण त्यातला प्रत्येक भाग कशावर उभा आहे हे दाखवता येतं.

आता तुम्ही करून बघा. तुमच्या विषयातला सगळ्यात गाजलेला दावा घ्या. मूळ पेपर शोधा, त्याबद्दलची बातमी नव्हे. मग एका पानावर चार उत्तरं लिहा: तुलना कुणाशी केली? मोजणीतून कोण आणि का बाहेर गेलं? घड्याळ दोन्ही गटांसाठी एकाच क्षणी सुरू झालं का? आणि जे मोजलं ते खरंच हवं होतं तेच आहे, की त्याचा फक्त निर्देशक? ज्या उत्तरापाशी पेन अडेल, तिथे बहुतेक वेळा तुमच्या संशोधनाचा प्रश्न दडलेला असतो. गाइडकडे जाताना विषयाची लांबलचक यादी नेण्यापेक्षा ते एक पान न्या.